मताधिकाराचे प्रत्यायोजन : टोकनाधारित कारभार, सहकार आणि गावाबाहेरचा सभासद

प्रस्तावना

कुडाळ तालुक्यातील वालावल हे कर्ली नदीच्या काठचे गाव. श्रीलक्ष्मीनारायणाचे देवालय आणि त्याला लागून असलेला तलाव यांमुळे ते जिल्ह्याबाहेरही परिचित आहे. कोकणातील इतर गावांप्रमाणेच येथील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ मुंबईशी निगडित राहिला आहे. घर, बागायत आणि सातबाऱ्यावरील नाव गावी. माणूस मात्र मुंबईत. चतुर्थीला तो येतो आणि गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की परत जातो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत गावी जे निर्णय होतात, त्यांत त्याचे मत कोणी आणि कोणत्या अधिकाराने मांडावे, हा प्रश्न कोकणाला नवा नाही. चुलतभावाच्या नावे करून दिलेले मुखत्यारपत्र, सोसायटीच्या सभेआधी शेजाऱ्याला केलेला फोन, 'तुम्ही ठरवाल ते मान्य' असा निरोप ही या प्रश्नाची आपल्या परिचयाची उत्तरे आहेत.

हाच प्रश्न गेल्या काही वर्षांत एका अगदी वेगळ्या क्षेत्रात उभा राहिला आहे. कूटचलनाच्या क्षेत्रातील अनेक प्रकल्पांचा कारभार टोकनधारकांच्या मतदानाने चालतो. हे टोकनधारक जगभर विखुरलेले असून बहुतेक जण कधीच मतदान करीत नाहीत. त्यावर उपाय म्हणून आपला मताधिकार दुसऱ्याकडे सोपविण्याची, म्हणजे प्रत्यायोजनाची सोय तेथे करण्यात आली. आपल्या महाविद्यालयांतील वाणिज्य, संगणकशास्त्र व विधी शाखांचे विद्यार्थी या टोकनांची खरेदी-विक्री करतात. परंतु टोकनासोबत मत येते आणि ते मत दुसऱ्याला देता येते, याची जाणीव त्यांच्यापैकी थोड्यांनाच असते. अध्यापकवर्गातही या विषयाची चर्चा प्रामुख्याने किंमत आणि कर या दोन अंगांनीच होते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, टोकनाधारित कारभारातील प्रत्यायोजनाची कार्यपद्धती स्पष्ट करणे. दुसरे, मुखत्यारपत्र, सहकारी संस्था व कंपनी या आपल्या परिचयाच्या व्यवस्थांशी तिची तुलना करणे. तिसरे, प्रत्यक्ष अनुभवांच्या आधारे तिच्या मर्यादांचा विचार करणे.

१. टोकन आणि मताधिकार

ब्लॉकचेन ही अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाणारी सामायिक खातेवही होय. तिच्यातील नोंद एकट्यादुकट्याला बदलता येत नाही. या खातेवहीवर नियमांचा संच आज्ञावलीच्या रूपाने लिहून ठेवता येतो. अशा आज्ञावलीस स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. अट पूर्ण झाली की व्यवहार आपोआप घडतो. त्यासाठी कोणाच्या सहीशिक्क्याची गरज राहत नाही.

एखाद्या प्रकल्पाचा निधी आणि नियम या पद्धतीने आज्ञावलीत बांधून ते बदलण्याचा अधिकार टोकनधारकांच्या मतदानाकडे दिला, की जी संघटना तयार होते तिला विकेंद्रित स्वायत्त संघटना किंवा संक्षेपाने 'डाओ' म्हटले जाते. या प्रकारचा पहिला मोठा प्रयोग २०१६ मध्ये 'द डाओ' या नावानेच झाला. इथेरियम खातेवहीवरील या संघटनेत काही आठवड्यांत सुमारे १५ कोटी डॉलर मूल्याचे इथर जमा झाले. १७ जून २०१६ रोजी आज्ञावलीतील एका त्रुटीचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख इथर बाहेर काढले गेले आणि प्रयोग कोसळला. त्या संघटनेत एक बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची होती. मत देणाऱ्या सभासदाचे टोकन मतदान संपेपर्यंत अडकून राहत असे. मत देणे म्हणजे विक्रीचे स्वातंत्र्य काही काळ गमावणे. साहजिकच पुष्कळांनी मत न देणेच पसंत केले.

मतदानाची ही किंमत कमी करणे, हा पुढील रचनांचा एक हेतू होता. कंपाऊंड या कर्जव्यवहाराच्या प्रकल्पाने जून २०२० मध्ये आपल्या कॉम्प या टोकनाचे वाटप सुरू केले. सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप या विनिमय प्रकल्पाने युनी हे टोकन वितरित केले व पूर्वीच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या पत्त्यामागे ४०० युनी देऊ केले. या दोन्ही प्रकल्पांनी प्रत्यायोजनाची जी रचना स्वीकारली, तीच पुढे थोड्याफार फरकाने अनेकांनी उचलली.

२. प्रत्यायोजनाची कार्यपद्धती

कॉम्पच्या मूळ रचनेत टोकन आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. टोकन विकत घेतल्याने मत आपोआप कार्यान्वित होत नाही. टोकनधारकाने आपला प्रतिनिधी कोण, हे खातेवहीवर नोंदवावे लागते. स्वतः मत द्यायचे असल्यास स्वतःलाच प्रतिनिधी म्हणून नेमावे लागते. ज्याने ही नोंद केलेली नाही, त्याचे मत मोजणीत धरलेच जात नाही.

या पद्धतीची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) मालकी हस्तांतरित होत नाही. प्रतिनिधीला केवळ मतदानाचा अधिकार मिळतो. टोकन मूळ धारकाच्याच वॉलेटमध्ये राहते. प्रतिनिधीला ते विकता किंवा हलविता येत नाही. यासाठी धारकाने आपली गुप्त कळ कोणालाही द्यावी लागत नाही. प्रत्यायोजनासाठी कोणी तशी कळ मागत असल्यास ती फसवणूकच समजावी, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

(आ) अधिकार कधीही परत घेता येतो. त्यासाठी कारण देण्याची किंवा प्रतिनिधीच्या संमतीची आवश्यकता नाही. मात्र प्रत्येक नोंदीसाठी खातेवहीचे व्यवहारशुल्क भरावे लागते. शंभर-दोनशे रुपयांचे टोकन बाळगणाऱ्यास हे शुल्क टोकनाच्या किमतीपेक्षा जड पडू शकते.

(इ) टोकन विकले की मतही जाते. प्रतिनिधीकडील मतांचा आकडा त्यामुळे स्थिर नसतो.

(ई) सोपविलेले मत पुढे सोपविता येत नाही. 'क' ने 'ख' ला प्रतिनिधी केले आणि 'ख' ने 'ग' ला, तर 'ग' कडे केवळ 'ख' ची स्वतःची मते जातात. 'क' ची मते 'ख' कडेच राहतात.

(उ) मोजणीचा क्षण आधी निश्चित केलेला असतो. प्रस्तावावरील मतदान सुरू होताना कोणाकडे किती मते होती, हे त्या वेळच्या नोंदीवरून ठरते. कंपन्या मतदानासाठी जी पात्रता तारीख ठरवितात, तिच्याशी याचे साम्य आहे. ही दक्षता न घेतल्यास काय होते, हे एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक या प्रकल्पात दिसून आले. हल्लेखोराने त्याच व्यवहारात घेऊन त्याच व्यवहारात फेडावयाच्या प्रचंड कर्जाच्या बळावर क्षणभरापुरते दोनतृतीयांशाहून अधिक मताधिक्य मिळविले, स्वतःच्याच प्रस्तावाला मंजुरी दिली आणि निधी काढून नेला. प्रकल्पाची हानी सुमारे १८ कोटी डॉलरची होती.

येथे एका गल्लतीचा उल्लेख आवश्यक आहे. भारतीय तंत्रज्ञांनी २०१७ मध्ये मॅटिक या नावाने सुरू केलेल्या व आता पॉलिगॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खातेवहीवरही टोकन 'डेलिगेट' करण्याची सोय आहे आणि आपल्याकडील अनेक जण ती वापरतात. तेथे टोकन सोपविले जाते ते व्यवहारांची पडताळणी करणाऱ्या प्रमाणकाकडे, आणि त्याबद्दल मोबदला मिळतो. प्रस्तावांवरील मताचे प्रत्यायोजन ही त्याहून वेगळी बाब असून तिच्यात मोबदला अभिप्रेत नाही. शब्द एकच असला तरी व्यवहार दोन आहेत.

३. आपल्याकडील तीन व्यवस्था

ही रचना नवी असली तरी तिच्यामागील प्रश्न भारतीय कायद्यास परिचित आहेत. त्यांना तीन ठिकाणी तीन वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत.

पहिले उत्तर मुखत्यारपत्राचे. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील अभिकरणाच्या तरतुदी आणि १८८२ चा मुखत्यारपत्र अधिनियम यांनी ते नियमित झाले आहे. करार अधिनियमाच्या कलम १९० नुसार, स्वतः करण्याचे मान्य केलेले काम अभिकर्त्याला सामान्यतः दुसऱ्यावर सोपविता येत नाही. आज्ञावलीतील वरील 'ई' हे वैशिष्ट्य म्हणजे याच तत्त्वाचा नवा अवतार होय. कलम २०१ नुसार मूळ मालकाला अधिकार काढून घेता येतो. परंतु अभिकर्त्याचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेला असल्यास, कलम २०२ नुसार, त्या हितसंबंधास बाधा येईल अशा रीतीने तो काढता येत नाही. कोकणातील सामाईक जमिनींच्या व्यवहारांत या अपवादाने किती घरांत वितुष्ट आणले आहे, हे जाणकारांस सांगावयास नको. टोकनाच्या प्रत्यायोजनात असा अपवाद नाही. त्या दृष्टीने ते कुलमुखत्यारपत्रापेक्षा पुष्कळच सुरक्षित म्हणावे लागेल.

दुसरे उत्तर सहकाराचे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ नुसार सभासदाचे भाग कितीही असोत, त्याला मत एकच. आणि ते त्याने स्वतः द्यावयाचे, प्रॉक्सीमार्फत नाही. इंग्लंडमधील रॉशडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये घालून दिलेल्या परंपरेशी हे तत्त्व जुळणारे आहे. मत हा भांडवलाचा नव्हे, माणसाचा गुण मानला, की तो माणसापासून अलग करता येत नाही, अशी यामागील भूमिका दिसते. ग्रामसभेतही हाच दंडक आहे. तेथे गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार प्रत्यक्ष हजर असावे लागतात. मुंबईतील वालावलकराचा निरोप ग्रामसभेत वाचून दाखविता येईल. त्याचे मत मात्र मोजता येणार नाही.

सहकारात या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. एखादी संस्था स्वतःच दुसऱ्या संघीय संस्थेची सभासद असेल, तर तिला आपल्या वतीने मत देण्यासाठी एका व्यक्तीची नेमणूक ठरावाद्वारे करता येते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या निवडणुकीत गावोगावच्या विकास सोसायट्यांचे मतदार अशाच ठरावांनी निश्चित होतात. निवडणूक जवळ आली की 'ठराव कोणाच्या नावाचा' हा प्रश्न तालुक्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू का बनतो, याचे उत्तर येथेच आहे. शेकडो सभासदांचे मत एका नावात एकवटते आणि मग स्पर्धा सभासदांची मने वळविण्याची न राहता ती मोजकी नावे मिळविण्याची होते. टोकनाच्या जगात पुढे जे घडले, त्याचा अर्थ लावताना हा अनुभव उपयोगी पडतो.

तिसरे उत्तर कंपनीचे. येथे मत भागांच्या प्रमाणात असते व प्रॉक्सीला परवानगी आहे; परंतु कुंपण घालून. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १०५ नुसार प्रॉक्सीला सभेत बोलण्याचा अधिकार नाही. तदनुषंगिक नियमांनुसार एका व्यक्तीला ५० पेक्षा अधिक सभासदांचा आणि एकत्रितपणे मताधिकार असलेल्या भागभांडवलाच्या १० टक्क्यांहून अधिक हिश्श्याचा प्रॉक्सी होता येत नाही. एकट्याकडेच १० टक्क्यांहून अधिक भाग असलेल्या सभासदाला प्रॉक्सी नेमता येतो. पण त्या प्रॉक्सीने मग दुसऱ्या कोणाचे प्रतिनिधित्व करावयाचे नाही.

कंपनी कायद्याच्या संदर्भात एक अलीकडची घटना विचारार्ह आहे. एप्रिल २०२० मध्ये साथीच्या काळात केंद्र शासनाने कंपन्यांना दृक्‌श्राव्य माध्यमातून सर्वसाधारण सभा घेण्यास मुभा दिली. त्या वेळी अशा सभांसाठी प्रॉक्सी नेमण्याची सोय काढून टाकण्यात आली. घरबसल्या स्वतः हजर राहता येत असेल तर दुसऱ्याला पाठविण्याचे प्रयोजन उरत नाही, असे त्याचे समर्थन सरळ आहे.

हे समर्थन टोकनाला लावून पाहिले, की प्रस्तुत विषयातील मूळ मुद्दा स्पष्ट होतो. टोकनधारकाला कोठेही जावयाचे नसते. मालवणातून काय किंवा मस्कतमधून काय, तो सारख्याच सहजतेने मत देऊ शकतो. तरीही तो मत देत नाही, कारण प्रस्ताव समजून घेण्यास वेळ लागतो. व्याजदराचे सूत्र, तारणाचे प्रमाण, आज्ञावलीतील दुरुस्ती यांवर दर आठवड्याला मत बनविणे हे जवळजवळ पूर्ण वेळेचे काम आहे. वालावलचा चाकरमानी अंतरामुळे गैरहजर असतो. टोकनधारक अभ्यासाच्या अभावी गैरहजर असतो. म्हणून पहिल्याच्या प्रतिनिधीकडून आपण निष्ठेची अपेक्षा करतो, तर दुसऱ्याच्या प्रतिनिधीकडून अभ्यासाची आणि त्या अभ्यासाच्या हिशेबाची अपेक्षा करावयास हवी. कंपनीच्या प्रॉक्सीला मुके ठेवून चालते, कारण तो केवळ निरोप्या असतो. टोकनधारकाच्या प्रतिनिधीला मात्र आपल्या मताची कारणे सांगता आलीच पाहिजेत.

४. व्यवहारातील अनुभव

(अ) गणपूर्तीची अडचण. युनिस्वॅपच्या रचनेत प्रस्ताव मंजूर होण्यासाठी बाजूने किमान ४ कोटी युनींची मते आवश्यक आहेत. एकूण १०० कोटी युनींच्या हे प्रमाण ४ टक्के होते. ऑक्टोबर २०२० मधील पहिल्याच प्रस्तावाच्या बाजूने सुमारे ३ कोटी ९६ लाख व विरोधात सुमारे ७ लाख मते पडली. प्रचंड बहुमत असूनही गणपूर्तीअभावी तो फेटाळला गेला. विशेष म्हणजे बाजूच्या मतांपैकी बहुतांश मते प्रत्यायोजनातून दोन मोठ्या प्रतिनिधींकडे जमा झालेली होती. प्रत्यायोजन नसते तर मतदानाचा आकडा यापेक्षाही कितीतरी खाली राहिला असता. तसेच, सुरुवातीस प्रस्ताव मांडण्यासाठीच १ कोटी युनींच्या मतांचे पाठबळ लागत असे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणण्यात आली. लहान धारकाला एकट्याने असे पाठबळ मिळणे अशक्य. त्याच्या सूचनेला सभेच्या पटलावर येण्यासाठी प्रत्यायोजनाखेरीज मार्ग नाही. ही या पद्धतीची जमेची बाजू होय.

(आ) विद्यार्थी प्रतिनिधी. महाविद्यालयीन अध्यापकांना विशेष वाटावे असे उदाहरण २०२१ मधील आहे. युनिस्वॅपमध्ये मोठी गुंतवणूक असलेल्या अँड्रीसन हॉरोविट्झ या अमेरिकन गुंतवणूक संस्थेने आपल्या मतांचा मोठा भाग विद्यापीठांतील विद्यार्थी मंडळांकडे सोपविला होता. स्टॅनफर्ड, बर्कली, कोलंबिया, हार्वर्ड येथील मंडळे त्यांत होती. त्यांपैकी हार्वर्डच्या विधी विद्यालयातील मंडळाने कायदेविषयक प्रचारकार्यासाठी १० लाख युनींचा निधी स्थापन करण्याचा प्रस्ताव मांडला आणि अन्य प्रतिनिधींच्या पाठिंब्याने तो मंजूर झाला. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये निधीतील निम्मे युनी एकदम विकून सुमारे १ कोटी डॉलर उभे करण्यात आले. प्रस्तावात ही रक्कम अनेक वर्षांत खर्च होणार असल्याचे म्हटलेले असल्याने या घाईवर टीका झाली. दुसरी टीका अधिक मूलगामी होती. ज्या संस्थेने मते सोपविली तिच्याच हिताशी जुळणाऱ्या प्रस्तावावर प्रतिनिधी स्वतंत्र बुद्धीने मत देतात काय? सोपविलेले मत केव्हाही परत घेता येते, हे लहान धारकाचे संरक्षण असते. मोठ्या धारकाच्या हाती तेच नियंत्रणाचे साधन ठरू शकते.

(इ) निद्रिस्त मते आणि संघटित गट. कंपाऊंडमध्ये जुलै २०२४ च्या अखेरीस २८९ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर झाला. निधीतील ४,९९,००० कॉम्प, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, एका गटाने तयार केलेल्या गुंतवणूक योजनेकडे वळविण्याची त्यात तरतूद होती. याच आशयाचे आधीचे प्रयत्न यशस्वी झाले नव्हते. या वेळी बाजूने ६,८२,१९१ व विरोधात ६,३३,६३६ मते पडली. फरक ४८,५५५ मतांचा. एकूण १ कोटी कॉम्पपैकी सुमारे १३ टक्क्यांनीच या निर्णयात भाग घेतला. कोणताही नियम मोडला गेला नव्हता. गटाने बाजारातून कॉम्प मिळवून मते एकत्रित केली होती. नियमित प्रतिनिधींपैकी अनेकांनी यास निधीवरील आक्रमण म्हटले, तर गटाने तो आपला वैध अधिकार असल्याचे सांगितले. मंजुरी आणि अंमलबजावणी यांच्या दरम्यान दोन दिवसांचा राखीव अवधी या रचनेत असतो. त्या अवधीत वाटाघाटी होऊन प्रस्ताव मागे घेण्यात आला. निधी वाचला तो मतपेटीमुळे नव्हे, तर त्या दोन दिवसांमुळे आणि अखेरीस माणसांनी एकमेकांशी बोलल्यामुळे.

(ई) साखळी प्रत्यायोजन. कूटचलनाबाहेरचे एक उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. जर्मनीतील पायरेट पक्षाने २०१० च्या सुमारास पक्षांतर्गत निर्णयांसाठी लिक्विड फीडबॅक ही संगणकीय पद्धत स्वीकारली. तिच्यात सोपविलेले मत पुढेही सोपविता येत असे. परिणामी बामबेर्ग विद्यापीठातील भाषाशास्त्राचे प्राध्यापक मार्टिन हाझे यांच्यासारख्या काही मोजक्या व्यक्तींकडे, त्यांनी कोणतेही पद न घेता, मोठे मताधिक्य गोळा झाले. हाझे यांचा अभ्यास व तळमळ वादातीत मानली तरी, आपले मत नेमके कोणाच्या हाती पोहोचले आहे याचा मूळ सभासदाला पत्ता राहत नाही, हा दोष उरतोच. कॉम्पच्या रचनेने साखळी टाळली, ते या दृष्टीने योग्यच झाले.

केंद्रीकरणाचा प्रश्न मात्र साखळी टाळल्याने सुटत नाही. चेनॲलिसिस या विश्लेषण संस्थेने २०२२ मध्ये दहा मोठ्या डाओंची पाहणी प्रसिद्ध केली. तीत एक टक्क्याहून कमी धारकांकडे ९० टक्के मतशक्ती असल्याचे आढळले. मत जेथे भांडवलाच्या प्रमाणात आहे, तेथे प्रत्यायोजन विषमता निर्माण करीत नाही, पण ती दूरही करीत नाही.

५. दायित्वाचा प्रश्न

प्रतिनिधीने दिलेल्या मताचे परिणाम कोणी भोगावयाचे? करार अधिनियमाच्या कलम २२६ नुसार अभिकर्त्याने अधिकारात राहून केलेली कृती मूळ मालकावर बंधनकारक असते. डाओमधील प्रतिनिधी हा या अर्थाने अभिकर्ता आहे काय, हे भारतीय कायद्यात स्पष्ट नाही. डाओ या संघटनाप्रकारालाच आपल्याकडे स्वतंत्र मान्यता नाही. अमेरिकेतील वायोमिंग राज्याने २०२१ मध्ये अशा संघटनांच्या नोंदणीचा कायदा केला. नोंदणी नसलेल्या संघटनेचे काय होते, हे ऊकी डाओ प्रकरणात दिसले. तेथील वायदेबाजार नियामक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये या डाओवर कारवाई करताना मतदान करणारे टोकनधारक हे संघटनेचे सभासद होत, अशी भूमिका घेतली. जून २०२३ मध्ये न्यायालयाने डाओविरुद्ध एकतर्फी निकाल देऊन सुमारे ६ लाख ४३ हजार डॉलर दंड ठोठावला. मत देणाऱ्यावर दायित्व येत असेल, तर मत सोपविणाऱ्यावरही ते येईल काय, हा प्रश्न विधी शाखेच्या अभ्यासकांनी हाती घेण्यासारखा आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे निर्बंध रद्द ठरविले. २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का करकपात लागू झाली. या तरतुदींचा रोख टोकनाच्या मूल्यावर आहे. टोकनासोबत येणारे मत, त्याचे प्रत्यायोजन आणि प्रतिनिधीची कर्तव्ये यांना त्या स्पर्श करीत नाहीत.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.

१. टोकनाधारित प्रत्यायोजन मालमत्तेला हात न लावता केवळ मत सोपविते, ते केव्हाही परत घेता येते आणि त्याची नोंद सर्वांना पाहता येते. या तीन बाबतींत ते मुखत्यारपत्राहून सरस आहे.

२. कंपनी कायद्याने प्रॉक्सीवर घातलेली ५० सभासद व १० टक्के ही मर्यादा, किंवा सहकाराने केलेली पूर्ण मनाई, यांपैकी कोणतेही कुंपण येथे नाही. कुंपण नसणे म्हणजे स्वातंत्र्य, असा समज कंपाऊंडच्या अनुभवानंतर टिकत नाही.

३. प्रत्यायोजनाला मुदत हवी. अधिकार परत घेता येतो एवढे पुरेसे नाही, कारण ज्याने अभ्यासाच्या अभावी मत सोपविले तो देखरेखही ठेवणार नाही. ठरावीक काळानंतर अधिकार आपोआप संपावा व तो पुन्हा द्यावा लागावा, अशी तरतूद आज्ञावलीत करणे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही.

४. प्रतिनिधीने प्रत्येक महत्त्वाच्या मतामागील कारण लेखी नोंदवावे आणि स्वतःचे हितसंबंध जाहीर करावेत. खातेवही मत कोणी कसे दिले हे सांगते. का दिले हे सांगत नाही.

५. निर्णय आणि अंमलबजावणी यांत पुरेसा अवधी राखला जावा. झोपलेल्या सभासदाला जागे होण्यास वेळ मिळाला पाहिजे.

हे निष्कर्ष केवळ कूटचलनापुरते नाहीत. दूरस्थ सभा आणि संगणकीय मतदान यांचा प्रसार होत असताना, गावाबाहेरच्या सभासदांना सहकारी संस्थांच्या कारभारात कसे सामावून घ्यावे, ही चर्चा आज ना उद्या आपल्या जिल्ह्यातही होणार. त्या वेळी दोन गैरहजेऱ्यांमधील भेद ध्यानात ठेवावा लागेल. अंतरामुळे आलेली गैरहजेरी तंत्रज्ञान दूर करू शकेल. मुंबईतील वालावलकर भ्रमणध्वनीवरून सभेस हजर राहू शकेल. परंतु ताळेबंद न वाचताच 'तुम्ही ठरवाल ते मान्य' म्हणण्याची जी सवय आहे, तिच्यावर आज्ञावलीत इलाज नाही. तो सभासद-शिक्षणाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो महाविद्यालयांच्या कार्यक्षेत्रात येतो. आपल्या विद्यार्थ्याच्या वॉलेटमधील टोकन असो वा त्याच्या वडिलांच्या नावावरील सोसायटीचा भाग असो, त्यासोबत आलेले मत सध्या कोणाकडे आहे, हे त्याला सांगता यावे, एवढी अपेक्षा या विषयाच्या अध्यापनाकडून ठेवण्यास हरकत नाही.